केळापूर की पांढरकवडा?

भाचा सुट्टीला यवतमाळला आला तो लॅपटॉप घेऊनच, आणि या आठवड्यात आमच्या जेवणाच्या टेबलावर वांग्याच्या भाजीशेजारी जिल्ह्याचे १६ तालुके पसरले. त्यांची यादी जावास्क्रिप्टच्या पॅकेजात बांधून तो एनपीएम या पॅकेजांच्या ऑनलाइन भांडारात ठेवणार होता, म्हणजे कुणालाही एका ओळीच्या आज्ञेत ती मिळेल. मला वाटलं, बटण दाबलं की झालं. कसचं! पॅकेजचं इंग्रजी नाव लहान अक्षरांतच हवं, परवाना लिहा, आवृत्ती ठरवा; मग गठ्ठ्यात काय काय जाणार ते दाखवणारी रंगीत तालीम. तिच्यात आमच्या किराण्याची यादी सापडली! बरं, एकदा १.०.० प्रसिद्ध केली की मागे घेतली तरी तो क्रमांक पुन्हा मिळत नाही. २०१६ साली ‘लेफ्ट-पॅड’ नावाचं जेमतेम ११ ओळींचं पॅकेज त्याच्या कर्त्यानं काढून घेतलं आणि जगभर कामं अडली; तेव्हापासून मागे घेण्याचे नियमही कडक झाले. पण आमचं भांडण पेटलं ते केळापूरवरून. तालुका केळापूर, कचेरी पांढरकवड्याला, आणि लोकांच्या तोंडीही पांढरकवडाच. ‘‘मामा, सरकारी नाव ठेवतो,’’ भाचा म्हणाला. मी साफ नकार दिला. लोक ज्या नावानं गाव शोधतात ते ज्या यादीत नाही, ती यादी चुकीचीच. शेवटी दोन्ही नावं घातली, १.०.० गेली. मग मामीनं चष्मा लावून यादी वाचली आणि विचारलं, ‘‘माझं माहेर कुठाय?’’ दारव्हा राहिलं होतं. १.०.१ त्याच रात्री निघाली.