‘वाईट विचार : किती वेळा?’

प्रथम कम्युनियनच्या वर्गांत मुलांच्या हाती दिल्या जाणाऱ्या सदसद्विवेक-परीक्षणाच्या पत्रकाविषयी धर्मशिक्षकांची आणि पालकांची जी पत्रे या मासिकाकडे येत आहेत, त्यांतील तक्रार एकच आहे. पापनिवेदनाला जाण्यापूर्वी मुलाने आपल्या आचरणाची उजळणी करावी म्हणून छापलेल्या या पत्रकात खोटे बोलणे, चोरी आणि आईवडिलांची अवज्ञा यांच्याच रांगेत ‘वाईट विचार’ हे दोन शब्द बसवलेले असतात आणि त्यांच्यापुढे ‘किती वेळा?’ असा रकाना असतो. आठ-नऊ वर्षांच्या मुलाने हा रकाना कसा भरावा, कोणता विचार पाप ठरतो आणि कोणता ठरत नाही, याविषयी पत्रकात एक अक्षरही नसते. तरीही धर्मग्रामांतून ते वर्षानुवर्षे जसेच्या तसे पुन्हा छापले जाते आणि दुरुस्ती सुचवणाऱ्या शिक्षकाला ‘नमुना वरून आलेला आहे’ एवढ्यावर परत पाठवले जाते.

या रकान्याला धर्मनियमांचा आधार आहे, अशी अनेकांची समजूत दिसते. ती चुकीची आहे. १९८३ च्या धर्मनियमसंहितेतील ९८८ वा नियम पापांचा प्रकार आणि संख्या सांगण्याचे बंधन घालतो ते केवळ गंभीर पापांपुरते. क्षुल्लक पापांचे निवेदन तो इष्ट मानतो, सक्तीचे नव्हे. पाप प्राणांतिक ठरण्यासाठी, म्हणजे देवाशी असलेले नाते तोडण्याइतके गंभीर ठरण्यासाठी, विषय गंभीर असणे, त्याची पूर्ण जाणीव असणे आणि हेतुपुरस्सर संमती दिलेली असणे या तीन अटी एकत्र याव्या लागतात, असे १९९२ चा धर्मशिक्षणग्रंथ सांगतो. न बोलावता मनात चमकून गेलेल्या विचाराला संमतीच नसते; मग जे पापच नव्हे त्याची संख्या मुलाकडून मागण्याचा अधिकार कोणत्या समितीला कोणी दिला? याच संहितेचा ९७९ वा नियम पापनिवेदन ऐकणाऱ्या धर्मगुरूला प्रश्न विचारताना समोरच्याचे वय आणि अवस्था लक्षात घेण्यास बजावतो, आणि जो विवेक धर्मगुरूने पाळायचा तो छापील कागदाने धाब्यावर बसवावा, ही गोष्ट क्षम्य नाही.

डोंगरावरील प्रवचनात येशूने पाप हातापायांपासून हृदयापर्यंत मागे नेले, हे खरे आहे. परंतु वासनेने पाहण्याविषयीच्या त्या वचनातील मूळ ग्रीक रचना हेतुदर्शक आहे, म्हणजे तेथे दोष ठेवला आहे तो अभिलाषा धरण्यासाठी टाकलेल्या नजरेवर, नजरेस काही पडण्यावर नव्हे. याच प्रवचनावर इ. स. ३९४ च्या सुमारास भाष्य करताना संत ऑगस्टीनने पापाच्या तीन पायऱ्या सांगितल्या: सूचना, म्हणजे विचार मनाशी येऊन ठेपणे, सुखसंवेदना, म्हणजे त्याने मन सुखावणे, आणि संमती, म्हणजे इच्छाशक्तीने त्याला होकार देणे, पाप पूर्ण होते ते या होकाराने. इजिप्तच्या वाळवंटात राहिलेल्या एव्हाग्रियसने त्याच शतकात मठवासीयांना शिकवले होते की, विचारांनी मनाला त्रास द्यावा की नाही हे माणसाच्या हाती नसते, पण त्यांनी मनात मुक्काम करावा की नाही हे असते. तेराव्या शतकात संत थॉमस अक्वायनस यांनी या मुक्कामाचे विवेचन ‘रेंगाळलेला आस्वाद’ या संज्ञेखाली केले, आणि रेंगाळणे हे काळावरून न ठरवता, विचार ओळखूनही बुद्धी त्याला हाकलत नाही यावरून ठरवले.

विचारालाही जबाबदारी आहे म्हणून विचार आणि कृती यांचे वजन सारखेच, असा निष्कर्ष मात्र येथून निघत नाही. बाराव्या शतकात पीटर अबेलार्ड यांनी सर्व दोष संमतीतच असतो, प्रत्यक्ष कृती त्यात काही भर घालत नाही, असे मांडले. थॉमस यांनी हे मत स्वीकारले नाही, कारण कृतीने दुष्ट इच्छा लांबते, दुणावते आणि शेजाऱ्यापर्यंत पोहोचते. मनात चोरी केलेल्या माणसावर नुकसानभरपाईचे कर्तव्य येत नाही, हाताने चोरी केलेल्यावर येते. उलट संमती नसेल तर शरीरावर गुदरलेली गोष्टही पाप होत नाही, आणि इ. स. ४१० मध्ये रोम लुटले गेले तेव्हा अत्याचार झालेल्या स्त्रियांना ऑगस्टीनने याच तत्त्वावर निर्दोष म्हटले. ‘मनात आलेच आहे, मग करून टाकण्यात काय उरले?’ असे पौगंडावस्थेतील मूल विचारते तेव्हा हे भेद ज्याला ठाऊक आहेत, तोच शिक्षक त्याला उत्तर देऊ शकतो.

प्रॉटेस्टंट वाचकांनी हा प्रश्न फक्त कॅथलिकांचा समजू नये. बाप्तिस्म्यानंतर उरणारी वासनेची ओढ हे खऱ्या अर्थाने पाप नव्हे, असे ट्रेंटच्या परिषदेने १५४६ मध्ये ठरवले. १५३० च्या आउग्सबुर्ग विश्वासांगीकाराने जन्मजात ओढीलाही पापच म्हटले होते. हा मतभेद गंभीर आहे, परंतु ओढीलाच पाप मानणारी परंपरासुद्धा माणसाला सुटे विचार मोजत बसायला सांगत नाही, त्याला कृपेकडे पाठवते. याच परंपरेतील जॉन बन्यन यांच्या ‘पिल्ग्रिम्स प्रोग्रेस’चे हरी केशवजींनी केलेले ‘यात्रिक क्रमण’ हे भाषांतर १८४१ पासून मराठीत आहे. मृत्युच्छायेच्या दरीत कोणी दुष्ट मागून येऊन यात्रेकरूच्या कानात देवनिंदा कुजबुजतो आणि ती आपल्याच मनातून निघाली असे समजून यात्रेकरू खचतो, हा त्यातील प्रसंग प्रत्येक पाळकाने शिकवण्याजोगा आहे, कारण तशाच विचारांनी ग्रासलेली माणसे प्रत्येक मंडळीत असतात.

या अवस्थेला परंपरेत पापशंका म्हणतात: जेथे पाप नाही तेथे ते दिसणे आणि क्षमेनंतरही मन न निवणे. लोयोलाच्या संत इग्नेशियसने १५२२ मध्ये मॅनरेसा येथे ही पीडा सोसली, पुन्हा पुन्हा पापनिवेदन करूनही त्याला शांती मिळेना. पुढे त्यानेच आपल्या साधनाग्रंथात लिहिले की, वाईट विचार येताच झिडकारणाऱ्याच्या पदरी पुण्य पडते. पत्रकाच्या रकान्यात मात्र हे पुण्यही पापाच्या खाती मोजले जाते. मानसशास्त्रज्ञ रॅकमन आणि डी सिल्वा यांनी १९७८ मध्ये दाखवले की, मनोविकार नसलेल्या बहुसंख्य माणसांनाही नकोसे, किळसवाणे विचार येतात आणि त्यांचा आशय रुग्णांच्या विचारांसारखाच असतो. विचार येणे म्हणजे जणू कृती करणेच, या समजुतीला मानसशास्त्रात १९९६ पासून विचार-कृती-एकीकरण असे नाव आहे आणि सक्तीच्या विचारांच्या आजाराशी तिचा संबंध अभ्यासला गेला आहे. ज्या समजुतीवर डॉक्टर उपचार करतात ती धर्मशिक्षणाच्या वर्गात शिकवली जाऊ नये.

पत्रकाचा दुसरा दोष अधिक खोल आहे. ‘वाईट विचार’ म्हणजे लैंगिक विचार, असेच मुले समजतात आणि बहुतेक शिक्षकही तसेच समजावतात. येशूने मात्र त्या प्रवचनात व्यभिचाराच्या आधी रागाचे आणि भावाला तुच्छ लेखण्याचे उदाहरण घेतले आहे. वर्षानुवर्षे जोपासलेला भाऊबंदकीचा द्वेष, शेजारच्या बाकावर बसणाऱ्याच्या जातीविषयी मनात जपलेला तिरस्कार, दुसऱ्याच्या नुकसानीने होणारा आनंद, या विचारांना पूर्ण संमती असते, ते ओळखीचे असतात, त्यांना बसायला आसन दिलेले असते. आणि कायद्याच्या किंवा लोकलज्जेच्या भीतीने ते हातात उतरले नाहीत म्हणून असा माणूस स्वतःला निष्पाप समजून वेदीपाशी येतो. हळव्या मुलाला पिळणारे पत्रक या माणसाला एक प्रश्नही विचारत नाही.

म्हणून पुढची तुकडी वर्गात येण्यापूर्वी प्रत्येक धर्मशिक्षकाने वरून नवा नमुना येण्याची वाट न पाहता तो रकाना स्वतःच्या हाताने खोडावा आणि त्या जागी मुलांना समजतील असे तीन प्रश्न लिहावेत: तो विचार मी बोलावला का? तो नको आहे हे कळल्यावरही मी त्याला मुद्दाम थांबवून घेतले का? तो कोणाच्या वाईटावर होता? ज्याला पहिल्या दोन्ही प्रश्नांचे उत्तर ‘नाही’ असे देता येते, त्या मुलाला शिक्षकाने स्पष्ट सांगावे की त्याच्याकडून पाप घडलेले नाही. हे ऐकूनही ज्याचे मन निवत नाही, त्याला पुन्हा रांगेत उभे न करता धर्मगुरूंनी आणि पालकांनी मिळून वेळेवर डॉक्टरांकडे न्यावे.