सेगाव, शेगाव आणि रुग्णाचे टपाल

महात्मा गांधी १९३६ साली वर्ध्याजवळच्या सेगावात राहायला गेले आणि पत्रांचा एक गोंधळ सुरू झाला. विदर्भातच, बुलढाणा जिल्ह्यात, गजानन महाराजांचे शेगाव होते. तेथे रेल्वे स्थानकही होते. एका अक्षराच्या फरकाने वर्ध्याचे टपाल भलतीकडे जाई. अखेर १९४० मध्ये सेगावचे नाव सेवाग्राम झाले. आज त्याच जिल्ह्यात सेवाग्राम आणि सावंगी येथे वैद्यकीय महाविद्यालयांची दोन मोठी रुग्णालये आहेत. पत्ता चुकण्याचा प्रश्न मात्र संपलेला नाही. पत्रांच्या जागी ई-मेल आला, एवढेच.

बायोप्सीचा निष्कर्ष, एचआयव्हीची चाचणी, मानसोपचाराचा सल्ला हे सारे आता मेलवरून जाऊ शकते. कुठल्याही दवाखान्याने किंवा प्रयोगशाळेने असे अहवाल एखाद्या कर्मचाऱ्याच्या खासगी, फुकट खात्यावर मागवले, तर तो कर्मचारी नोकरी सोडताच रुग्णांचे कागदही त्याच्याबरोबर जातात. रुग्णालयाच्या नावात एक अक्षर बदलून कोणी खोटा पत्ता तयार केला, तर घाईत असलेल्या कारकुनाला सेगाव-शेगावमधला फरक दिसेलच असे नाही. म्हणून रुग्णालयाचा पत्ता त्याच्या स्वतःच्या नावाचा हवा आणि मेल सांभाळणारा सर्व्हर कोणाच्या ताब्यात आहे, हे रुग्णालयाला ठाऊक हवे.

मेल सर्व्हर हे कोणत्याही संस्थेचे सताड उघडे दार असते. जगातल्या कोणाही अनोळखी यंत्राने पाठवलेले पत्र त्याला स्वीकारावे लागते. १९८८ मध्ये इंटरनेटवर पसरलेल्या ‘मॉरिस वर्म’ने आत शिरण्यासाठी जे मार्ग वापरले, त्यांत ‘सेंडमेल’ या तेव्हाच्या प्रचलित मेल प्रणालीतील त्रुटीही होती. सेंडमेलची बरीचशी कामे एकच मोठा प्रोग्राम करी आणि त्याच्या हाती यंत्राचे सर्वाधिकार असत. जणू केस पेपर काढणाऱ्याकडेच औषधभांडाराच्या आणि शस्त्रक्रियागृहाच्या किल्ल्या!

या अनुभवातून नव्या रचना आल्या. आयबीएममधील संशोधक वीत्से वेनेमा यांचे ‘पोस्टफिक्स’ १९९८ मध्ये सर्वांसाठी खुले झाले. त्यात पत्र घेणारा, तपासणारा, रांगेत लावणारा आणि पोहोचवणारा असे छोटे छोटे प्रोग्राम वेगळे आहेत आणि प्रत्येकाला कामापुरताच अधिकार आहे. दारावरचा एक फितूर झाला, तरी सारे घर लुटले जात नाही. कॅनडातून थिओ द राट यांनी १९९५ मध्ये सुरू केलेली ‘ओपनबीएसडी’ ही ऑपरेटिंग सिस्टीमही याच विचाराची आहे. तिची आज्ञावली सतत तपासली जाते आणि गरज नसलेल्या सेवा मुळातच बंद ठेवल्या जातात. दोन्ही मोफत आहेत आणि दोन्हींची आज्ञावली कोणालाही उघडून पाहता येते.

कामे आणि अधिकार वेगळे ठेवण्याचे महत्त्व देशाने एका मोठ्या रुग्णालयात पाहिले आहे. २३ नोव्हेंबर २०२२ रोजी दिल्लीच्या एम्सचे सर्व्हर सायबर हल्ल्याने बंद पडले. नोंदणीपासून प्रयोगशाळेच्या अहवालांपर्यंतची कामे अनेक दिवस कागदावर करावी लागली. पाच सर्व्हर आणि सुमारे १.३ टेराबाइट माहिती कुलूपबंद झाली. जाळ्याचे विभाग नीट वेगळे केलेले नव्हते, असे कारण सरकारनेच संसदेत दिले. जे तत्त्व मेल सर्व्हरच्या आत, तेच रुग्णालयाच्या संपूर्ण जाळ्यात लागू होते.

मात्र ‘मुक्त म्हणजे सुरक्षित’ हे समीकरणही भाबडे आहे. ओपनबीएसडीच्याच मेल सर्व्हरमध्ये, ‘ओपनएसएमटीपीडी’मध्ये, जानेवारी २०२० मध्ये गंभीर छिद्र सापडले. बाहेरच्या माणसाला यंत्रावर पूर्ण ताबा मिळवून देणारी ही चूक मे २०१८ पासून आज्ञावलीत होती. दुरुस्ती तातडीने आणि सर्वांना फुकट मिळाली. पण ती आपल्या यंत्रावर बसवणारा माणूस नसेल, तर तिचा काय उपयोग? लस मोफत असली, तरी टोचायला परिचारिका लागतेच.

खरी मेख इथेच आहे. केंद्र सरकारने मुक्त प्रणालींना प्राधान्य देण्याचे धोरण २०१५ मध्येच जाहीर केले. २०२३ च्या वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात हलगर्जीसाठी २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. परवान्याचे पैसे वाचतात म्हणून मुक्त प्रणाली घ्यायची आणि वाचलेल्या पैशातून तिचा राखणदार नेमायचा नाही, हा कंजूषपणा महागात पडतो. आर्वी किंवा हिंगणघाटच्या एकट्या डॉक्टरने स्वतःचा मेल सर्व्हर चालवावा, अशी अपेक्षा चुकीची ठरेल. परंतु जिल्ह्यातील रुग्णालये, दवाखाने आणि प्रयोगशाळा मिळून एक सामायिक मेल सेवा उभारू शकतात. पगारी, जबाबदार तंत्रज्ञ, दर आठवड्याला दुरुस्त्यांची तपासणी आणि जाळ्यापासून तोडून ठेवलेला बॅकअप, एवढ्या किमान अटी तिला हव्यात. सेवाग्रामात अभियांत्रिकी महाविद्यालय आहे. शिकाऊ हातांची वानवा नाही.

तोवर प्रत्येक दवाखान्याला एक गोष्ट आजच करता येईल: रुग्णांचे अहवाल कोणाच्या खात्यावर येतात आणि ते खाते उघडणारा पासवर्ड कोणाकोणाला ठाऊक आहे, याची यादी करणे. ती यादी करताना हात अडखळला, तर काम कुठून सुरू करायचे, हे वेगळे सांगावे लागणार नाही.