गणितगप्पा : आधी माहिती तपासा!



तुमच्या शाळेत आनंदबाजार भरतो ना? समजा, तुमच्या गटाने भेळ विकली आणि संध्याकाळी गल्ल्यात ९६० रुपये जमले. सांगा पाहू, नफा किती झाला?

“९६० रुपये!” असं म्हणायची घाई करू नका हं. कुरमुरे, फरसाण, कांदे, चिंच-गूळ काही फुकट आले नव्हते! तो खर्च किती, हे ठाऊक नसेल तर नफा सांगताच येणार नाही. ‘माहिती अपुरी आहे’ हेच इथे बरोबर उत्तर.

स्पर्धा परीक्षांत अशी उदाहरणं मुद्दाम विचारतात. एक प्रश्न आणि खाली दोन विधानं. उत्तर काढण्याइतकी माहिती आहे का, एवढंच ठरवायचं. चला, करून पाहू या. मात्र एक लक्षात ठेवा, शेकडा नफा नेहमी खरेदी किमतीवर काढतात.

उदाहरण १ : छत्रीची विक्री किंमत किती?
(अ) शेकडा २० नफा झाला.
(ब) ६० रुपये नफा झाला.

आधी (ब) हाताने झाका. शेकडा २० कळलं, पण खरेदी किंमत कुठे आहे? अडलं! आता (अ) झाका. नफा ६० रुपये, पण छत्री केवढ्याला घेतली? पुन्हा अडलं! आता दोन्ही एकत्र वाचा. खरेदी किमतीचे शेकडा २० म्हणजे ६० रुपये. म्हणून खरेदी ३०० रुपये आणि विक्री ३६० रुपये. म्हणजे दोन्ही विधानं मिळून पुरेशी.

उदाहरण २ : दप्तर ४८० रुपयांना विकलं. शेकडा नफा किती?
(अ) खरेदी किंमत ४०० रुपये.
(ब) नफा खरेदी किमतीच्या एक पंचमांश.

(अ) वरून नफा ८० रुपये, म्हणजे शेकडा २०. (ब) मध्ये तर ४८० ची गरजही नाही. एक पंचमांश म्हणजेच शेकडा २०. इथे कोणतंही एक विधान पुरेसं.

उदाहरण ३ : चेंडू विकून किती रुपये नफा झाला?
(अ) विक्री किंमत खरेदी किमतीच्या सव्वापट.
(ब) शेकडा २५ नफा झाला.

दोन विधानं मिळाली, म्हणजे झालं काम, असं वाटतं ना? इथेच तर गंमत आहे! सव्वापट म्हणजेच शेकडा २५ नफा. एकच गोष्ट दोनदा सांगितली. चेंडू ४० रुपयांना घेतला असेल तर नफा १० रुपये. ८० ला घेतला असेल तर २० रुपये. दोन्ही वेळा दोन्ही विधानं खरी, पण उत्तरं मात्र निराळी! माहितीशी जुळणारी दोन निराळी उत्तरं सापडली, की माहिती अपुरी आहे हे सिद्धच झालं. ही युक्ती वहीत लिहून ठेवा.

पालकहो, मूल “हे सांगता येत नाही” म्हणालं, तर लगेच रागावू नका. “मग आणखी काय कळायला हवं?” असं विचारा. त्याला ते सांगता आलं, तर गणित त्याला समजलं म्हणून समजा.

आता तुमची पाळी : सर्व आकाशकंदील सारख्याच किमतीचे आहेत. एका कंदिलाची विक्री किंमत किती?
(अ) १२ कंदिलांची विक्री किंमत १५ कंदिलांच्या खरेदी किमतीएवढी आहे.
(ब) १२ कंदील विकून ३६० रुपये नफा झाला.

एकेक विधान झाकून पाहा बरं! उत्तर पुढच्या अंकात.