गरोदर बाईचे पाय कोणी दाबावेत?



मागील महिन्यात आपल्या धर्मग्रामातील एका बाळंतिणीला भेटण्यासाठी हैदराबादेस जाणे झाले. कोठी भागातील सुलतान बाजारच्या सरकारी प्रसूती रुग्णालयात ती होती. आठव्या महिन्यापर्यंत ती कापूस वेचत होती. पाय सुजले, डोके दुखू लागले, तेव्हा घरच्यांनी रोज तेल लावून तिचे तळपाय दाबले. कोणीतरी तळपायाचा तक्ता आणून दिला होता. त्यात मूत्रपिंडाची जागा दाखविली होती, तीही दाबून झाली. रक्तदाब मात्र कोणी मोजला नाही. ती माहेरी गेल्यावर आईने दवाखान्यात नेले, तेव्हा तो फार वाढलेला निघाला. देवाच्या कृपेने आई व मूल सुखरूप आहेत.

परत आल्यावर दोन प्रश्न माझ्याकडे आले. पाय दाबून घेणे वाईट का? आणि आपल्या धर्माला ते चालते का?

या पद्धतीला रिफ्लेक्सॉलॉजी म्हणतात. विल्यम फिट्झजेराल्ड या नाक-कान-घशाच्या अमेरिकन डॉक्टरांनी १९१७ साली शरीराचे पट्टे कल्पून पुस्तक लिहिले. पुढे युनिस इंगहॅम या बाईंनी साऱ्या शरीराचा नकाशा तळपायावर मांडला. तैवानात तर स्वित्झर्लंडहून आलेल्या एका मिशनरी धर्मगुरूंनी, फादर योसेफ ऑयग्स्टर यांनी, हिचा प्रसार केला. त्यांचे स्वतःचे गुडघे दुखत असत. तेव्हा पाय दाबणे हे काही पाप नव्हे.

पण तळव्यावरील अमुक बिंदू दाबला की मूत्रपिंड सुधारते, याला शास्त्राचा आधार मिळालेला नाही. निरनिराळे तक्तेही एकमेकांशी जुळत नाहीत. प्रसूतीच्या वेळी पाय दाबल्याने कळा सुसह्य होतात, भीती कमी होते, असे काही लहान पाहण्यांत दिसले आहे. परंतु त्या पाहण्या फारशा भक्कम नाहीत. बाईला बरे वाटते, झोप लागते, एवढे खरे. ते काही थोडे नाही.

वेदना सोसणे हाच स्त्रीचा धर्म, असे आपल्यातील काही वडीलधारे अजून म्हणतात. ते चूक आहे. ८ जानेवारी १९५६ रोजी डॉक्टरांपुढे बोलताना पोप बारावे पायस यांनी स्पष्ट केले, की उत्पत्तीच्या पुस्तकातील वचन प्रसूतीच्या वेदना कमी करण्यास मनाई करीत नाही. आणि कोठीतच, जुन्या रेसिडेन्सी रुग्णालयात, रूपाबाई फर्दुनजी शंभराहून अधिक वर्षांपूर्वी रोग्यांना क्लोरोफॉर्म देत होत्या. भूल देणाऱ्या जगातील पहिल्या स्त्रियांत त्यांची गणना होते.

मात्र काही वेळा हात आवरावा. तोंडावर वा हातांवर सूज, सतत डोकेदुखी, डोळ्यांपुढे अंधारी, रक्त जाणे, ताप, बाळाची हालचाल मंदावणे, यांपैकी काहीही दिसले तर तेलाची वाटी बाजूला ठेवून १०८ ची गाडी बोलवावी. बाळंतपणानंतर सहा आठवडे शिरेत रक्ताची गुठळी होण्याचे भय अधिक असते. एकच पाय सुजला, पोटरी दुखून गरम लागली, तर तो पाय मुळीच चोळू नये. गुठळी सुटून फुप्फुसात गेली तर जीव जाऊ शकतो. आपल्याकडील मालीशवाल्या बाईंनाही हे सांगून ठेवा.

आता पुरुषमंडळींना एक विचारतो. गाभण म्हैस व्यायच्या आधी दोन महिने आपण आटवतो, तिची पेंड वाढवतो. मग घरची लक्ष्मी आठव्या महिन्यात वेचणीला का? तिच्या पायांना आधी विसावा हवा, बिंदू नंतर.

आणि ते पाय दाबायचे कोणी? पैसे देऊन माणूस कशाला आणावा? पवित्र गुरुवारी आपण प्रभूने शिष्यांचे पाय धुतल्याचे स्मरण करतो. २०१६ साली पोप फ्रान्सिस यांनी त्या विधीत स्त्रियांनाही स्थान दिले. वेदीजवळ हे चालते, पण घरी नवऱ्याने बायकोच्या पायाला हात लावला की शेजारी हसतात! हसू द्यावे. जेवणानंतर पाव तास, कोमट तेलाने, हलक्या हाताने. तिला नको असेल तर नाही.

येत्या ९ तारखेला सरकारी आरोग्य केंद्रात गरोदर स्त्रियांची मोफत तपासणी आहे. ती दर महिन्याच्या ९ तारखेस असते. त्या दिवशी वेचणीचा खाडा झाला तरी चालेल. नवऱ्यांनी बरोबर जावे व रक्तदाबाचा आकडा कार्डावर लिहून घ्यावा.

— आपला धर्मगुरू