विश्लेषण : कायद्याला पराधीन रुग्ण का दिसत नाही?

२१ एप्रिल २०२१ रोजी नाशिक महापालिकेच्या कथडा येथील डॉ. झाकीर हुसेन रुग्णालयात प्राणवायूच्या टाकीला गळती लागली. आवारात पांढरे धुके पसरले आणि आत वॉर्डातल्या नळ्यांमधला दाब उतरला. पुरवठा पूर्ववत होईपर्यंत सुमारे अर्धा तास गेला. त्या दिवशी २२ करोना रुग्ण दगावले, पुढे मृतांची संख्या २४ वर गेली. राज्य सरकार आणि महापालिका यांनी प्रत्येकी पाच लाख रुपयांची मदत जाहीर केली, चौकशी समिती नेमली गेली, निष्काळजीपणाने मृत्यूचा गुन्हा नोंदवला गेला. उच्च न्यायालयानेही दखल घेतली. शहराच्या आठवणीत ही घटना ‘दुर्घटना’ म्हणून राहिली आहे. पण तिने वैद्यकीय कायद्यातली एक जुनी उणीव उघडी पाडली, तिची चर्चा फारशी झाली नाही.

कायद्याच्या नजरेतला रुग्ण कोण?

वैद्यकीय कायद्याचा आपल्याकडचा कणा म्हणजे संमती. समीरा कोहली खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये स्पष्ट केले, की रुग्णाला पुरेशी माहिती देऊन घेतलेली संमतीच खरी. निकाल योग्यच आहे. डॉक्टर सांगतील ते मुकाट्याने ऐकण्याच्या आपल्या सवयीला त्याने चाप लावला. मात्र या निकालामागचा रुग्ण शुद्धीवर असलेला, प्रश्न विचारणारा, नको असेल तर ‘नाही’ म्हणून उठून जाऊ शकणारा आहे. व्हेंटिलेटरवरचा माणूस यातले काहीच करू शकत नाही. त्याची सही बहुतेक वेळा मुलगा किंवा सून करते, तीही दाखल करतानाच्या धावपळीत, पाच-सहा कागदांवर एकापाठोपाठ. त्यानंतर त्याचे जगणे ज्या टाकीवर, ज्या व्हॉल्व्हवर, रात्रपाळीच्या ज्या परिचारिकेवर अवलंबून असते, त्यांच्याविषयी संमतिपत्रात एक ओळही नसते.

अमेरिकी कायदेतज्ज्ञ मार्था फाइनमन यांनी २००८ मध्येच, म्हणजे योगायोगाने त्याच वर्षी, याबाबत मांडणी केली. कायदा स्वावलंबी, धडधाकट माणूस गृहीत धरतो आणि दुबळेपणाला अपवाद मानतो. वास्तवात परावलंबन हीच माणसाची कायमची अवस्था आहे, असे त्या म्हणतात. आपल्याला हे परदेशातून शिकावे लागू नये. ज्या घरात अंथरुणाला खिळलेली आजी असते, त्या घरातल्या प्रत्येकाला ते ठाऊक असते.

मग आपल्या नियमांत ‘असुरक्षित’ हा शब्दच नाही का?

आहे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांत त्यावर स्वतंत्र प्रकरण आहे. पण ती तत्त्वे संशोधनात सहभागी होणाऱ्यांसाठी आहेत. म्हणजे नव्या औषधाच्या चाचणीत असलेल्या रुग्णासाठी नैतिकता समिती बसते, त्याला विशेष संरक्षण कसे द्यायचे हे लिहिलेले असते. शेजारच्या खाटेवर नेहमीचे उपचार घेणाऱ्या, तितक्याच असहाय रुग्णासाठी तसे काही नसते. आरोग्य विज्ञान विद्यापीठाचे मुख्यालय असलेल्या शहरात तरी ही विसंगती बोचायला हवी.

दाद कुठे मागायची?

इथे गुंता वाढतो. ग्राहक कायदा वैद्यकीय सेवेला लागू आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये सांगितले. पण जिथे सर्वांनाच मोफत उपचार मिळतात, ती सेवा त्याच निकालाने वगळली. ज्यांना खासगी रुग्णालय परवडत नाही त्यांनाच हा दरवाजा बंद. फौजदारी गुन्ह्यात शोध घेतला जातो तो कुणा एकाच्या हातून झालेल्या चुकीचा. पर्यायी पुरवठा आपोआप सुरू व्हावा अशी व्यवस्था होती का, टाकीची देखभाल कुणाकडे होती, कंत्राटदाराकडे की महापालिकेकडे, ही जबाबदारी अनेकांत वाटली गेली की ती कुणाचीच उरत नाही. राहतो तो घटनेचा २१ वा अनुच्छेद. सरकारी रुग्णालयाने वेळेवर तातडीचे उपचार न देणे हा जगण्याच्या हक्काचा भंग आहे, असे न्यायालयाने १९९६ मध्ये म्हटले आहे. पण त्यासाठी न्यायालयाची पायरी चढायला हवी, आणि घरातला कर्ता माणूस गमावलेल्या कुटुंबाकडून ती अपेक्षा करणे हीदेखील स्वावलंबी माणूस गृहीत धरण्याचीच दुसरी तऱ्हा आहे.

काय करता येईल?

नाशिकच्या आधी जानेवारी २०२१ मध्ये भंडाऱ्यात नवजात शिशू कक्षाला लागलेल्या आगीत दहा बालके गेली. नोव्हेंबरमध्ये अहमदनगरच्या जिल्हा रुग्णालयातील अतिदक्षता विभागात आग लागली. तिन्ही ठिकाणी रुग्णांना स्वतः उठून बाहेर पडता येत नव्हते. दर वेळी चौकशी आगीच्या किंवा गळतीच्या कारणाची झाली. जे हलू शकत नाहीत त्यांच्याप्रति रुग्णालयाचे वेगळे, लेखी कर्तव्य कायद्यात नोंदवण्याची मागणी मागेच पडली. तो कायदा व्हायला वेळ लागेल. प्राणवायूची टाकी शेवटची कधी तपासली, पर्यायी पुरवठा किती वेळ पुरेल आणि आज रात्री वॉर्डात किती परिचारिका आहेत, एवढी माहिती अतिदक्षता विभागाच्या दारावर रोज लावायला मात्र महापालिका आयुक्तांचे एक परिपत्रक पुरते.