वारशाचा सदरा आणि प्रवेशाची किंमत

ध्वज म्हणजे शेवटी कापडच, असे म्हणणारा मनुष्य व्यवहारचतुर असेल. शहाणा खचितच नव्हे. कापड विणकर विणतो, पण त्याला अर्थ येतो तो पिढ्यान्‌पिढ्यांच्या घामाने. ऑस्ट्रेलियातील अॅडलेड शहराच्या बंदर भागात अशाच एका कापडावरून पाव शतक वाद धुमसला. वरकरणी तो एका फुटबॉल संघाच्या सदऱ्याचा वाद होता. परंतु त्याच्या तळाशी असलेला प्रश्न कोणत्याही देशातील विचारी माणसाला अस्वस्थ करणारा आहे. मोठ्या व्यवस्थेत प्रवेश मिळवताना लहानाने स्वतःची ओळख उंबऱ्याबाहेर ठेवून यावे काय?

हा फुटबॉल आपल्या परिचयाचा नव्हे. ऑस्ट्रेलियाचा स्वतःचा असा एक खेळ आहे. त्याचे नियम १८५९ मध्ये मेलबर्न येथे लिहिले गेले. प्रत्येक बाजूस अठरा खेळाडू, अंडाकृती चेंडू आणि क्रिकेटचे विशाल मैदान. आपल्याला क्रिकेटमुळे माहीत असलेली मेलबर्न आणि अॅडलेडची मैदाने तेथील हिवाळ्यात या खेळाने गजबजतात. खेळाडूंच्या बिनबाह्यांच्या सदऱ्याला तेथे 'जंपर' किंवा 'गर्न्झी' म्हणतात. गर्न्झी हे मुळात इंग्लिश खाडीतील एका बेटाचे नाव. तेथील कोळी आणि खलाशी घालत त्या लोकरी सदऱ्याचे नाव दूरदेशीच्या क्रीडांगणावर रुळले.

पोर्ट अॅडलेड हा संघ १८७० साली स्थापन झाला. गोदी कामगार, हमाल, खलाशी यांच्या वस्तीतला हा संघ. एके काळी त्याचा पोशाख किरमिजी आणि निळा होता. पण ते रंग खेळाच्या रगाड्यात टिकेनात. म्हणून १९०२ मध्ये काळा-पांढरा सदरा आला. काळ्या अंगावरचे उभे पांढरे पट्टे गजांसारखे दिसतात, म्हणून लोकांनी त्याला 'प्रिझन बार' म्हणजे तुरुंगाचे गज असे नाव दिले. हा सदरा घालून पोर्टने दक्षिण ऑस्ट्रेलियाच्या स्पर्धेत विजेतेपदांची रास उभी केली. १९१४ च्या हंगामात तर हा संघ एकही सामना हरला नाही. त्या मोसमाच्या मागोमाग महायुद्ध आले आणि मैदानावरचे काही तरुण परत आलेच नाहीत. घराघरांत आजोबांकडून नातवाकडे आलेला तो सदरा असा आहे.

इकडे मेलबर्नमध्ये कॉलिंगवूड हा संघ १८९२ मध्ये स्थापन झाला. तोही कामगार वस्तीतला, त्याचेही रंग काळा-पांढरा आणि मॅगपाय या काळ्या-पांढऱ्या पक्ष्याचे टोपणनावही तेच. दोन राज्ये, दोन स्पर्धा; शंभर वर्षे कुणालाच अडचण नव्हती. अडचण आली ती एकीकरणाने. मेलबर्नच्या व्हिक्टोरिया राज्याची स्पर्धा देशभर विस्तारली आणि १९९० मध्ये तिने 'ऑस्ट्रेलियन फुटबॉल लीग' असे राष्ट्रीय नाव धारण केले. पोर्ट अॅडलेडला तिच्यात १९९७ मध्ये प्रवेश मिळाला, पण अटीवर. मॅगपाय हे नाव सोडायचे आणि काळा-पांढरा सदराही. संघाने 'पॉवर' हे नवे नाव घेतले, निळसर हिरवा रंग स्वीकारला. जुना सदरा राज्याच्या स्पर्धेत खेळणाऱ्या मॅगपाय संघाच्या अंगावर राहिला.

न्यायाने बोलायचे तर कॉलिंगवूडची बाजू पोकळ नाही. त्याचे काळे-पांढरे रंग पोर्टहून दहा वर्षे जुने आहेत. राष्ट्रीय स्पर्धेचा जो मूळ गाभा, त्यात तो पहिल्या दिवसापासून आहे. शिवाय पोर्टने अटी वाचून, समजून स्वीकारल्या होत्या. दिलेला शब्द पाळावा, ही अपेक्षा गैर कशी म्हणावी? संघाचे चिन्ह ही आज मोठी व्यापारी मालमत्ता आहे, हेही खरे.

तरीही या प्रकरणाचा पुढचा प्रवास पाहिला की करार आणि न्याय यांतील अंतर ध्यानात येते. लीगने २००३ पासून 'वारसा फेरी' सुरू केली. संघांनी जुने पोशाख घालून उतरावे, प्रेक्षकांनी स्मृती जागवाव्यात, असा हेतू. पोर्टने त्या निमित्ताने आपला जुना सदरा बाहेर काढला. कॉलिंगवूडने हरकत घेतली आणि २००७ मध्ये तो सदरा वारसा फेरीपुरताच वापरण्याचा समझोता झाला. पुढे वारसा फेरीच बंद पडली! परवानगी कागदावर राहिली, वापरण्याचा दिवस मात्र पंचांगातून नाहीसा झाला.

मग अपवादांचे पर्व सुरू झाले. २०१४ मध्ये रिचमंडविरुद्धच्या बाद फेरीच्या सामन्यात पोर्ट तो सदरा घालून उतरला आणि जिंकला. २०२० मध्ये स्थापनेच्या दीडशेव्या वर्षानिमित्त, अॅडलेडच्या दोन संघांमधील 'शोडाऊन' या लढतीसाठी, तो पुन्हा वापरता आला. पण २०२१ मध्ये त्याच लढतीसाठी परवानगी मागितली तेव्हा लीगने नकार दिला. सदरा घातल्यास गुण कापले जातील, असा इशाराही मिळाला. पोर्टने नियम पाळला. सामना नव्या सदऱ्यात खेळला, जिंकला आणि मग खेळाडूंनी आपल्या खोलीत जाऊन जुना सदरा अंगावर चढवून विजयगीत म्हटले. आपल्याच पूर्वजांचे वस्त्र बंद दाराआड घालण्याची वेळ ज्या व्यवस्थेत येते, तिने अंतर्मुख व्हायला हवे.

येथे एक गोष्ट विसरता कामा नये. या राष्ट्रीय लीगच्या अठरा संघांपैकी दहा एकट्या व्हिक्टोरियाचे आहेत. त्यांपैकी बहुतेकांना स्वतःचे नाव, रंग, इतिहास यांतले काही सोडावे लागले नाही. कारण जुन्या घरालाच राष्ट्राचे नाव दिले गेले. त्यागाची अपेक्षा झाली ती बाहेरून येणाऱ्याकडून. केंद्राच्या सवयी म्हणजेच राष्ट्र आणि प्रांताच्या स्मृती म्हणजे अडथळा, ही धारणा कोणत्याही एकीकरणाला आतून पोखरते. एकात्मता आणि एकरूपता या दोन भिन्न गोष्टी आहेत.

हे सारे परक्या भूमीतले, असे वाटत असेल तर कोलकात्याकडे पाहावे. १८८९ मध्ये स्थापन झालेल्या मोहन बागानने २९ जुलै १९११ रोजी ईस्ट यॉर्कशायर रेजिमेंटचा २-१ असा पराभव करून आयएफए शिल्ड जिंकली. बहुतेक खेळाडू अनवाणी होते आणि समोर राज्यकर्त्यांची फौज होती. हिरवा-किरमिजी रंग त्या दिवसापासून देशाच्या स्वाभिमानाशी जोडला गेला. २०२० मध्ये एटीके या व्यावसायिक संघाशी विलीनीकरण झाले तेव्हा रंग वाचले. पण नावापुढे 'एटीके' ही अक्षरे आली. समर्थकांनी ती हटवण्यासाठी सतत आवाज उठवला आणि २०२३ मध्ये ती अक्षरे गेली. पैसा गुंतवणारा संघाचा मालक होऊ शकतो. स्मृतीचा मालक होऊ शकत नाही.

योगायोग असा की त्याच २०२३ मध्ये पोर्ट अॅडलेडलाही शोडाऊनमध्ये आपला गजांचा सदरा घालून उतरता आले. कॉलिंगवूडचे त्यात काय बिघडले? समोर कॉलिंगवूड नसतानाच तो सदरा मैदानात आला. कुणाचा गोंधळ उडण्याचा प्रश्नच नव्हता. हाच विवेक पंधरा वर्षे आधी दाखवता आला असता, तर एवढी कटुता वाढली नसती.

मार्ग तसा सरळ आहे. नित्याच्या स्पर्धेत करार पाळला जावा. उत्सवाच्या दिवशी मात्र प्रत्येकाला आपल्या पूर्वजांचे वस्त्र परिधान करण्याचा मान मिळावा, आणि तो दरवर्षी याचना करून मिळवावा लागू नये. मोठ्या घरात नव्याने आलेल्याने घराचे नियम पाळावेत, हे योग्यच. पण त्याने आपले कुलनाम विसरावे, अशी अट घालणारे घर मोठे म्हणवून घेण्यास पात्र ठरत नाही.