सातवी 'अ' की आठवी 'ब'?

जुना लॅपटॉप घ्यायला गेले की दुकानदाराचा पहिला प्रश्न असतो, "आय-५ देऊ की आय-७?" आणि बहुतेक पालकांचे उत्तर ठरलेले असते. पाचापेक्षा सात मोठे, म्हणजे सातच चांगले! माझे मत उलटे आहे. निदान एका जोडीच्या बाबतीत तरी पाच हा साताहून सरस आहे, आणि ज्यांच्या खिशात मोजकेच पैसे आहेत त्यांनी हे समजून घेतल्याशिवाय दुकानाची पायरी चढू नये.

मंडळी, मी संगणकातली तज्ज्ञ नव्हे, बरं का! मराठी माध्यमातून बी.ए. झाले, आयुष्यभर शाळेत शिकवले आणि निवृत्तीनंतर ही अनुदिनी लिहिता लिहिता या यंत्राशी मैत्री झाली. पण नात्यातली मुले "मावशी, कोणता घेऊ?" म्हणून विचारतात, जुने विद्यार्थी "बाई, तुम्हीच सांगा" म्हणतात. मग अभ्यास करणे आलेच.

तर ही जोडी अशी. पहिला इंटेलचा कोअर आय-७ ७५००यू, २०१६ सालचा. दुसरा कोअर आय-५ ८२५०यू, २०१७ सालचा. कंपन्या आणि कचेऱ्या जुने लॅपटॉप बदलतात तेव्हा अशी यंत्रे दुरुस्त होऊन बाजारात येतात, आणि कॉलेजात जाणाऱ्या कितीतरी मुलांचा पहिला संगणक तोच असतो.

आता ही नावे वाचायची कशी? आम्हा शिक्षकांना सोपे आहे. आय-५, आय-७ ही झाली तुकडी. पुढच्या आकड्यातला पहिला अंक ही इयत्ता, म्हणजे प्रोसेसरची पिढी. ७५०० म्हणजे सातवी, ८२५० म्हणजे आठवी. शेवटचा 'यू' सांगतो की हा कमी वीज खाणारा, पातळ लॅपटॉपसाठीचा प्रोसेसर आहे. म्हणजे एक सातवी 'अ' मधला आणि दुसरा आठवी 'ब' मधला. दुकानात तुकडी ओरडून सांगतात, इयत्ता कोणी सांगत नाही!

आणि या दोघांत फरक नेमका इयत्तेनेच पडला आहे. आय-७ ७५००यू मध्ये कोअर दोनच आहेत, आय-५ ८२५०यू मध्ये चार. एकाच वेळी चालवता येणारे कामाचे धागे पहिल्यात चार, दुसऱ्यात आठ. जवळची स्मृती, म्हणजे कॅश, पहिल्यात ४ एमबी, दुसऱ्यात ६ एमबी. विजेची मर्यादा मात्र दोघांना सारखीच, १५ वॅट.

कोअर म्हणजे शेगडीचे बर्नर समजा. नुसता चहा टाकायचा असेल तर दोन बर्नरची शेगडी काय आणि चारची काय, चहा तेवढ्याच वेळात होणार. पण एकीकडे कुकर, एकीकडे पोळ्या, एकीकडे आमटी आणि वर पाहुण्यांचा चहा, असे असेल तर चार बर्नरवालीची सुटका लवकर होते.

इथे दुकानदार एक आकडा पुढे करतो. आय-७ चा मूळ वेग २.७ गिगाहर्ट्झ आणि आय-५ चा फक्त १.६! ऐकून माणूस घाबरतो. पण मूळ वेग म्हणजे सगळे कोअर १५ वॅटच्या मर्यादेत सतत राबत असतानाचा वेग. एकाच सिलिंडरवर चार बर्नर पेटवले तर प्रत्येकाची आच थोडी मंद होणार, तसे हे आहे. गरज पडली की आय-७ हा ३.५ पर्यंत जातो आणि आय-५ हा ३.४ पर्यंत. म्हणजे एकेकट्या कामात दोघे जवळजवळ बरोबरीत. चारही कोअर कामाला लागले की मात्र आय-५ साधारण दीडपट काम उपसतो. अट एकच, लॅपटॉपचा पंखा साफ हवा. धूळ साचून यंत्र तापले की तोही मंदावतो.

घरी काही दिवस दोन्ही यंत्रे होती, तेव्हा मी माझ्यापुरते ताडून पाहिले. नुसता लेख टंकताना फरक कळत नाही. पण नातीचा ऑनलाइन तास चालू, दहा-बारा पाने उघडलेली, शेजारी प्रश्नपत्रिका, असे झाले की आय-७ वाल्याचा पंखा घरघरू लागे आणि तासातला आवाज तुटे. आय-५ वर तोच तास निर्वेध पार पडे.

गंमत म्हणजे नवे असतानाही इंटेलच्या यादीत आय-७ ची किंमत ३९३ डॉलर होती आणि आय-५ ची २९७. जास्त पैसे पाटीचेच!

आणखी एक गोष्ट, जी पैशांच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची. विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. विंडोज ११ साठी मायक्रोसॉफ्टने जी यादी केली तिच्यात इंटेलची आठवी पिढी आहे, सातवीतले काही मोजके अपवाद सोडले तर बाकीचे नाहीत. ७५००यू त्या अपवादांत नाही. म्हणजे जास्त पैसे मोजून आणलेल्या यंत्राला पुढच्या वर्गाचे दार बंद! माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याला, जो स्वतः रिक्षा चालवतो, मुलीसाठी असाच आय-७ दाखवून आय-५ पेक्षा दोन हजार अधिक सांगितले होते. त्याने आधी फोन केला म्हणून वाचला. दोन हजार म्हणजे त्याच्या किती फेऱ्या, याचा विचार कोणी करायचा?

पण "आठवी म्हणजे चांगला" असेही घोकू नका. आठव्या पिढीतल्या आय-३ ८१३०यू ला कोअर दोनच आहेत. उलट सातवीतल्याच आय-७ ७७००एचक्यू ला चार. म्हणून तुकडीही नको आणि नुसती इयत्ताही नको, पूर्ण नाव विचारा आणि कोअर मोजा. लॅपटॉप चालू करून टास्क मॅनेजरमध्ये परफॉर्मन्स आणि मग सीपीयू उघडले की प्रोसेसरचे नाव आणि कोअर दोन्ही दिसतात. एका मिनिटाचे काम आहे. सोबत एसएसडी आहे ना, रॅम निदान ८ जीबी आहे ना आणि बॅटरी किती वेळ टिकते, तेही बघा. फिरत्या चकतीची हार्ड डिस्क असेल तर चार कोअरही रडतात.

ज्यांच्याकडे सातवीतला आय-७ आधीच आहे त्यांनी तो भंगारात काढू नये. एसएसडी घाला, लिनक्स टाका. लेखन-वाचनाला तो अजून काही वर्षे उत्तम साथ देईल. माझा विरोध यंत्राला नाही, त्याच्या पाटीला जास्त पैसे देण्याला आहे.

शाळेत आम्ही 'अ' तुकडीतल्या मुलांना हुशार समजत आलो, आणि 'ब' मधली मुले मान खाली घालून बसत. पुढे आयुष्यात कोण किती भार उचलेल, हे तुकडीने कधीच सांगितले नाही. माणसांच्या बाबतीत हे कळायला वेळ लागतो. यंत्राच्या बाबतीत ते पडद्यावर लिहिलेले असते, फक्त वाचायला हवे.

असो. घरात कोणी जुना लॅपटॉप घेणार असेल तर पैसे देण्याआधी पूर्ण नाव मला जरूर कळवा. आणि जाणकारांनी यात भर घातली तर आनंदच आहे.